पेनड्राईव्हमधील पुसलेल्या फाईली आणि जागेचा हिशेब

प्राथमिक शाळांच्या दप्तराचा बराचसा भाग अलीकडच्या वर्षांत कागदावरून संगणकावर गेला आहे. विद्यार्थ्यांच्या नोंदी, शालेय पोषण आहाराचा हिशेब, गुणपत्रके, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे हे सारे बोटभर लांबीच्या पेनड्राईव्हमध्ये घालून शिक्षक शाळेतून केंद्रशाळेत व तेथून पंचायत समितीच्या कार्यालयात नेतात. दप्तराचे हे नवे गाठोडे वाहून नेण्यास सोपे आहे, परंतु त्याच्या आतील मांडणी डोळ्यांना दिसत नाही. आणि जे डोळ्यांना दिसत नाही त्याविषयी चुकीच्या समजुती लवकर रुजतात. त्यांपैकी एका समजुतीचा विचार येथे करावयाचा आहे. ज्या शाळांतील संगणकांवर लिनक्स ही प्रणाली आहे, मग ती उबुंटू असो वा सी-डॅकने तयार केलेली बॉस असो, तेथे पेनड्राईव्हवरील फाईल पुसली तरी जागा मोकळी होत नाही, अशी तक्रार शिक्षक करतात. तक्रार खरी आहे. दोष मात्र पेनड्राईव्हचा नाही, आणि लिनक्सचाही नाही.

उजनी जलाशयाच्या काठची, करमाळा तालुक्यातील एखादी द्विशिक्षकी शाळा डोळ्यांसमोर आणावी. मुख्याध्यापकांनी जुन्या प्रवेश-निर्गम पुस्तकाच्या पानांची छायाचित्रे काढली आहेत व ती केंद्रशाळेत द्यावयाची आहेत. गुरुजींनी १६ जीबीचा पेनड्राईव्ह लावला, तो यंत्राने जागा शिल्लक नाही असे सांगितले. तेव्हा त्यांनी मागील तीन स्नेहसंमेलनांच्या चित्रफिती निवडून डिलीटची कळ दाबली. यादीतून चित्रफिती नाहीशा झाल्या. छायाचित्रे पुन्हा उतरवू लागले, तर पुन्हा तोच संदेश! मग गणिताचे पाठ पुसले, मागील वर्षाची गुणपत्रके पुसली. जागा तसूभरही वाढली नाही. अशा वेळी माणूस तीनांपैकी एक गोष्ट करतो. पेनड्राईव्ह बिघडला असे समजून टेंभुर्णी किंवा करमाळ्याच्या बाजारातून नवा आणतो. नाहीतर हाताला येईल ते पुसत सुटतो. नाहीतर कोणाच्या तरी सल्ल्याने सगळाच पेनड्राईव्ह फॉरमॅट करून टाकतो. पहिल्या उपायात केवळ पैसे जातात. दुसऱ्या व तिसऱ्या उपायात काय जाईल हे आधी सांगता येत नाही.

या भागात ते काय असू शकते, याचा थोडा विचार केला पाहिजे. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. नदीकाठची जुनी गावठाणे पाण्याखाली गेली आणि माणसे वरच्या माळावर आली. एकाच नावापुढे क्रमांक लावलेली केत्तूर, वांगी यांसारखी गावे या काठाला परिचयाची आहेत. ज्यांचे घर, अंगण, देऊळ आणि चावडी पाण्यात गेली, त्या कुटुंबांकडे पणजोबा-आजोबांचे नाव, जात, जन्मतारीख व मूळ गाव यांचा लेखी पुरावा म्हणून पुष्कळदा शाळेच्या पुस्तकातील एक ओळ तेवढी उरते. २०२३ साली राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा शाळांची जुनी पुस्तके पान पान करून पाहिली गेली, हे अनेक शिक्षकांच्या स्मरणात असेल. अशा पुस्तकाचा कागद ठिसूळ झालेला असतो. छायाचित्र काढल्यानंतर पानाची कड गळून पडली, तर पुढे ते छायाचित्रच मूळ होऊन बसते. म्हणून पेनड्राईव्हवरील जागेचा प्रश्न हा केवळ यंत्राचा प्रश्न समजू नये.

आता प्रत्यक्ष काय घडते ते पाहू.

मराठीत एखाद्या अर्जाची दखल घेतली गेली नाही की त्याला केराची टोपली दाखवली असे म्हणतात, आणि तेथे त्या अर्जाचा शेवट झाला असे आपण धरून चालतो. परंतु कोणत्याही कचेरीत जाऊन पाहावे: टोपलीत टाकलेला कागद सायंकाळी शिपाई टोपली उचलीपर्यंत त्याच खोलीत असतो. तोवर तो चुरगळलेला कागद काढून, सरळ करून, पुन्हा वाचता येतो. आणि तोवर टोपलीही भरलेलीच राहते. लिनक्समध्ये फाईल निवडून डिलीटची कळ दाबली असता फाईल नष्ट होत नाही, तर ती टोपलीत जाते. पडद्यावर तिला कचरापेटी किंवा ट्रॅश असे नाव असते.

येथवरचे पुष्कळांना ठाऊक असते. गैरसमज होतो तो पुढे. ही टोपली संगणकात आहे, म्हणजे पेनड्राईव्हवरून पुसलेली फाईल संगणकात गेली व पेनड्राईव्ह मोकळा झाला, असे सहज वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. पडद्यावर टोपली एकच दिसत असली तरी प्रत्येक पेनड्राईव्हची टोपली त्या पेनड्राईव्हवरच असते. तेथे लिनक्स एक लपलेले फोल्डर तयार करते. त्याचे नाव टिंबाने सुरू होते. पुढे ट्रॅश हा शब्द, जोडरेघ व शेवटी बहुधा १००० हा अंक असतो. टिंबाने सुरू होणारी नावे लिनक्स एरव्ही दाखवीत नाही, म्हणून यादी रिकामी दिसते आणि पेनड्राईव्ह भरलेला राहतो. ही योजना अकारण केलेली नाही. काही जीबीची चित्रफीत पेनड्राईव्हवरून संगणकात हलवावयाची तर पुष्कळ वेळ लागेल. त्याच पेनड्राईव्हवर एका फोल्डरातून दुसऱ्यात नेण्यास क्षणही लागत नाही. शिवाय पेनड्राईव्ह दुसऱ्या गावी गेला तरी चुकून पुसलेली फाईल त्याच्याबरोबरच राहते.

धरणाकाठच्या शिक्षकास हे समजण्यास अवघड जाऊ नये. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी आहे. त्यांपैकी ६३ टीएमसीहून अधिक पाणी मृत साठा म्हणून गणले जाते आणि उपयुक्त साठा ५३ टीएमसीच्या आसपास भरतो. मृत साठा हिशेबात उपयुक्त धरीत नाहीत, पण म्हणून तो धरणात नाही असे कोणी म्हणणार नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेले, तेव्हासुद्धा जलाशयात पाणी होतेच. पुसलेल्या फाईलींचे असेच आहे: यादीत त्या धरलेल्या नाहीत, पेनड्राईव्हमध्ये मात्र आहेत. उपमा येथेच सोडावी, कारण मृत साठ्याला दुष्काळात तरी काही काम असते; भरलेल्या टोपलीला नसते.

टोपलीतील फाईलीबरोबर एक छोटी टिपणही ठेवलेली असते. फाईल मूळ कोणत्या फोल्डरात होती व कोणत्या दिवशी, किती वाजता पुसली, एवढे तीत लिहिलेले असते. स्थलांतरित कुटुंबाच्या नोंदीत मूळ गावाचे नाव असावे, तसेच हे. कचरापेटी उघडून फाईलीवर उजवी कळ दाबून 'पूर्ववत करा' म्हटले की याच टिपणाच्या आधारे फाईल आपल्या जुन्या जागी परत जाते. वर सांगितलेल्या गुरुजींनी घाईत पुसलेली गुणपत्रके, टोपली रिकामी केली नसेल तर, अशी एका क्षणात परत मिळतात.

जागा मोकळी करण्याची रीत

रीत सोपी आहे. पेनड्राईव्ह लावलेला असतानाच कचरापेटी उघडावी, आत काय आहे ते सावकाश पाहावे, हवे ते पूर्ववत करावे आणि मग ती रिकामी करावी. पेनड्राईव्ह काढून घेतल्यावर टोपली रिकामी केली तर संगणकातील कचरा जाईल. पेनड्राईव्हचा कचरा पेनड्राईव्हबरोबर खिशात जाईल. टोपली भरलेली असताना पेनड्राईव्ह सुरक्षितपणे काढण्याची आज्ञा दिली, तर उबुंटूसारख्या प्रणाली पुष्कळदा स्वतःच विचारतात की, जागा परत मिळण्यासाठी कचरापेटी रिकामी करावयाची काय. हा प्रश्न इंग्रजीत येत असल्यामुळे असो किंवा बस गाठण्याच्या घाईमुळे असो, न वाचताच उत्तर दिले जाते. तो वाचावा.

'आत काय आहे ते पाहावे' हे शब्द येथे मुद्दाम घातले आहेत. पडद्यावर टोपली एकच असल्यामुळे 'रिकामी करा' म्हटले की त्या क्षणी लावलेल्या सर्व पेनड्राईव्हच्या आणि खुद्द संगणकाच्याही टोपल्या एकदमच रिकाम्या होतात. सहकारी शिक्षकाचा पेनड्राईव्ह शेजारी लावलेला असेल, तर त्याने चुकून पुसलेली आणि उद्या परत घेण्याच्या विचाराने ठेवलेली फाईलही जाईल. दुसऱ्याचा पेनड्राईव्ह आधी काढून ठेवणे, हा त्यावरचा साधा उपाय.

शिफ्ट व डिलीट या दोन कळा एकत्र दाबल्या असता फाईल टोपलीत न जाता थेट पुसली जाते व जागा लगेच सुटते. काही शिक्षक ही युक्ती शिकल्यावर ती सदैव वापरू लागतात. तसे करू नये. मोठी चित्रफीत, जिची दुसरी प्रत आहे, तिच्यापुरती ती ठीक आहे. मुलांच्या नोंदी किंवा जुन्या पुस्तकांची छायाचित्रे यांवर त्या दोन कळा एकत्र चालवू नयेत. पेनड्राईव्ह काठोकाठ भरलेला असेल, तर कधी कधी वर सांगितलेली टिपण लिहिण्यापुरतीही जागा नसते. अशा वेळी फाईल टोपलीत टाकता येत नाही, कायमची पुसावी काय, असा प्रश्न यंत्र विचारते. तेथेही उत्तर देण्यापूर्वी थांबावे. टर्मिनलमधून आज्ञा लिहून पुसलेली फाईल तर टोपलीच्या वाटेने जातच नाही.

टोपलीच्या नावातील १००० या अंकाचाही उलगडा करणे जरूर आहे. लिनक्स प्रत्येक वापरकर्त्यास एक क्रमांक देते. उबुंटूत पहिल्यास १००० व दुसऱ्यास १००१. दोन शिक्षकांनी एकाच संगणकावर आपापल्या नावाने प्रवेश करून एकच पेनड्राईव्ह वापरला, तर त्यावर दोन टोपल्या तयार होतात आणि एकाने आपली रिकामी केली तरी दुसऱ्याची भरलेलीच राहते. जागेचा हिशेब जुळत नाही तो पुष्कळदा यामुळे. अशा वेळी पेनड्राईव्ह उघडून कंट्रोल व एच या कळा एकत्र दाबाव्या. लपलेली फोल्डरे दिसू लागतात. त्या टोपलीवर उजवी कळ दाबून तिचे गुणधर्म पाहिले की तिने किती जागा अडवली आहे ते कळते. ज्यांना टर्मिनलची भीती नाही त्यांनी डी, एफ ही दोन रोमन अक्षरे, मग मोकळी जागा, जोडरेघ व एच असे लिहून पाहावे. प्रत्येक ड्राईव्हची एकूण, वापरलेली व शिल्लक जागा एका तक्त्यात मिळते.

हाच पेनड्राईव्ह केंद्रशाळेतील विंडोजच्या संगणकाला लावला की निराळाच प्रकार घडतो. विंडोज टिंबाचा संकेत मानीत नाही. तेथे ते फोल्डर उघडउघड दिसते. विचित्र नावाचे फोल्डर पाहून हा विषाणू होय असा बोभाटा होतो व पेनड्राईव्ह आणणाऱ्या शिक्षकास उगीच खाली पाहावे लागते. तो विषाणू नव्हे, हे केंद्रप्रमुखांनी एका शिक्षण परिषदेत सर्वांस दाखवून दिले तर पुष्कळ गैरसमज टळेल. उलट विंडोजमध्ये पेनड्राईव्हवरील फाईल पुसली तर ती सामान्यतः तेथील रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेटच पुसली जाते. दोन्ही प्रणालींवर काम करणाऱ्या शिक्षकांनी हा भेद पाठच करून ठेवावा. एकीकडची सवय दुसरीकडे घातक ठरते.

टोपली रिकामी झाल्यानंतर

टोपली रिकामी केल्यावर जागा मोकळी दाखवली जाते. तथापि फाईलीतील मजकूर त्याच क्षणी खरवडून काढला जातो असे नाही. यंत्र केवळ अनुक्रमणिकेतील नोंद काढते व ती जागा पुन्हा वापरण्यास मोकळी आहे अशी खूण करते. तेथे नवे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर खाली पडून राहतो. जलाशयाचे पाणी ओसरले की पळसदेवचे जुने पळसनाथाचे मंदिर उघडे पडते. गावाच्या नव्या नकाशात त्याची जागा पाण्याची असली तरी दगड आपल्या ठिकाणी असतात.

या वस्तुस्थितीला दोन बाजू आहेत. पहिली दिलासा देणारी. रजिस्टराची छायाचित्रे चुकून टोपलीतूनही गेली, तर त्या क्षणापासून त्या पेनड्राईव्हवर एक अक्षरही लिहू नये. तो काढून बाजूस ठेवावा. फोटोरेक नावाचे विनामूल्य साधन लिनक्सवर मिळते. ते अनुक्रमणिका न पाहता थेट मजकुरातच छायाचित्रांच्या खुणा शोधते. मिळालेली छायाचित्रे त्याच पेनड्राईव्हवर नव्हे, संगणकावर उतरवावी. फाईलींची जुनी नावे बहुधा परत मिळत नाहीत, त्यामुळे पाने पुन्हा क्रमाने लावण्याचे काम हाताने करावे लागते. सर्वच मिळेल याची हमी कोणी देऊ नये. ज्याने निराश होऊन मध्यंतरी पेनड्राईव्ह नव्या चित्रफितींनी भरून टाकला, त्याला फारसे काही मिळत नाही.

दुसरी बाजू काळजीची आहे. यूडायस व सरल यांच्या कामासाठी मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक, शिष्यवृत्तीसाठी पालकांचे बँक खाते क्रमांक, असे किती तरी पेनड्राईव्हवर येते. काम झाले की शिक्षक ते पुसतात व तोच पेनड्राईव्ह लग्नाची चित्रफीत आणण्यासाठी कोणालाही देतात. टोपली भरलेली असेल तर तो माणूस काहीही कष्ट न करता सारी यादी वाचू शकतो. रिकामी केली असली तरी वरील साधनाने ती काढणे अशक्य नाही. मच्छीमार अथवा ऊसतोड कामगाराच्या मुलाच्या आईचे खाते शाळेने विश्वासाने घेतलेले असते. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम संमत केला, त्यातही मुलांच्या माहितीचा वेगळा विचार आहे. परंतु कायदा नसता तरी ही माहिती गावभर फिरू देणे योग्य झाले नसते. शाळेच्या नोंदींचा पेनड्राईव्ह वेगळा, खूण केलेला असावा व तो उसना देऊ नये. बाहेर देणे भागच असेल तर लिनक्समधील डिस्क्स या साधनाने फॉरमॅट करताना जुन्या मजकुरावर शून्ये लिहिण्याचा पर्याय निवडावा. त्यास वेळ फार लागतो. तो लागू द्यावा.

वेळेवरून एक गोष्ट. लिनक्स लिहावयाचा मजकूर काही काळ स्मृतीत ठेवून मग पेनड्राईव्हवर उतरवते. म्हणून पडद्यावरची पट्टी पूर्ण भरली तरी लिहिणे मागे चालू असू शकते. वीज जाईल या धास्तीने पेनड्राईव्ह ओढून काढला तर छायाचित्रे अर्धवट राहतात. प्रसंगी अनुक्रमणिकाच बिघडते. सुरक्षितपणे काढण्याची आज्ञा देऊन यंत्र हो म्हणेपर्यंत हात आवरावा.

आकड्यांच्या घोटाळ्याचाही उल्लेख करावयास हवा, कारण त्यामुळे दुकानदारावर विनाकारण संशय घेतला जातो. १६ जीबी छापलेला पेनड्राईव्ह विंडोजमध्ये १४.९ जीबी दिसतो. बनवणारा १,००० च्या पटीने मोजतो व विंडोज १,०२४ च्या पटीने. माल तेवढाच, माप वेगळे. उबुंटूच्या फाईलखिडकीत तोच आकडा १६ च्या जवळ दिसतो. तसेच जागा भरपूर असूनही ४ जीबीहून मोठी एक चित्रफीत बसत नसेल, तर टोपली तपासत बसू नये. फॅट-३२ या जुन्या मांडणीची ती मर्यादाच आहे.

लिनक्सच्या अशा प्राथमिक कृती मराठीतून पाहावयाच्या असल्यास मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पाठ उपयोगी पडतील. शिक्षकांनी स्वतः कृती करून पाहिल्यावर सहावी-सातवीच्या मुलांना ती दाखवावी. त्यासाठी शाळेच्या नोंदींचा नव्हे, एखादा जुना, रिकामा पेनड्राईव्ह घ्यावा. प्रथम शिल्लक जागा फळ्यावर लिहावी. मग एक मोठी चित्रफीत उतरवून पुन्हा लिहावी. नंतर ती डिलीटने पुसून तिसरा आकडा, व टोपली रिकामी करून चौथा आकडा घ्यावा. वजाबाकी मुलांनीच करावी. तिसरा आकडा वाचण्यापूर्वी तो किती येईल हे प्रत्येकाकडून पाटीवर लिहून घ्यावे. बहुतेक पाट्यांवर पहिलाच आकडा येण्याचा संभव आहे, आणि तेथूनच खरा पाठ सुरू करता येतो.